रिथीच्या आईला कोण सांगणार?

मंडळी, आधी एक कबूल करतो. हे चार शब्द लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली. आमच्या वर्कशॉपच्या सलीमचाचांनी रविवारीच बजावलं होतं, "निल्या, उभा राहून तोंडाला येईल ते बडबडू नकोस. लिहून आण." मी हो म्हटलं. सोमवारी लिहिणार होतो, सोमवारी गाडीचा टायर गेला. मंगळवारी टायर नव्हता गेला, तरी लिहिलं नाही. बुधवारी कागद घेतला, वर नाव लिहिलं, रिथी. नावाखाली रेघ मारली. रेघेखाली अजून एक रेघ मारली. मग चहा प्यायला गेलो तो आलोच नाही. शेवटी आज दुपारी जेवण झाल्यावर तुबलीला आमच्या खोलीखाली गाडी सावलीत लावली आणि स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहिलं. अक्षर माझं मलाच लागत नाहीये. अडखळलो तर सांभाळून घ्या.

या हॉलमध्ये एरवी आपण गणपतीच्या मीटिंगला भांडायला येतो. आज सगळे गप्प बसलेत. इतक्या गप्प लोकांसमोर बोलायची मला सवय नाही.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी निलेश, गुहागर तालुक्यातला. मीना सलमान बंदरावर आमच्या वर्कशॉपची पिकअप चालवतो. बारावीला एकदा बसलो, पुन्हा बसायचं राहून गेलं. मुंबई, मडगाव, मस्कत असं करत इथे बहरीनला आलो. कुठेही वर्षभर टिकलो नव्हतो. इथे टिकलो. का टिकलो म्हणून आई फोनवर विचारते, तिला वाटतं कोणी मुलगी आहे. मुलगी नव्हती. तो तिथे फोटोत आहे तो माणूस होता.

मी त्याला अरेतुरे करायचो. माझ्या दुप्पट वयाचा माणूस, पण आम्ही बोलायचो इंग्रजीत, त्याचं अमेरिकन आणि माझं मोडकं, मध्येमध्ये वर्कशॉपची हिंदी. त्यात कुठलं आलंय अहोजाहो. आज मराठीतही तसंच येणार. मोठ्यांनी रागावू नये.

तर रिथी. जहाजाच्या इंजिनांचा मिस्त्री. बोटीवरून पंप उतरवून आणायचा मी, उघडायचा तो. पासपोर्ट अमेरिकेचा, रक्त कंबोडियाचं. जन्म तिकडच्याच भाताच्या शेतात झाला आणि रांगायला लागला तो थायलंडच्या सीमेवरच्या छावणीत, निर्वासितांच्या. तिथून आई, मोठी बहीण आणि हा, असे तिघं अमेरिकेला. लाँग बीच म्हणून गाव आहे, कॅलिफोर्नियात समुद्रावर. तिथे यांचे लोक पुष्कळ. कोणी विचारत नाही, पण सांगतो, तिकडे डोनटची दुकानं बरीचशी याच लोकांची. डोनट म्हणजे आपला गोड वडा, मधे भोक असलेला. रिथीच्या आईने आयुष्यभर तो तळला. आता दुकान बहीण चालवते. सोफी तिचं नाव.

इथे त्याला कोणी अमेरिकन मानायला तयार नसायचं. बँकेत गेला की फिलिपिनो. भाजीवाल्याकडे नेपाळी. पासपोर्ट काढला की समोरचा पासपोर्ट उलटसुलट करून बघायचा, मग त्याच्याकडे बघायचा, मग पुन्हा पासपोर्टकडे. तो म्हणायचा, "अमेरिकेत विचारतात, मूळचा कुठला? कंबोडियाला गेलो तर रिक्षावाला विचारतो, साहेब कुठले? बहरीनमध्ये बरं आहे. इथे सगळेच कुठले तरी आहेत."

गळ्यात कायम ते चौकड्याचं कापड. फोटोतही आहे बघा. त्यांच्याकडचा पंचाच तो. घाम पुसायला तोच, भाकरी बांधायला तोच, पोर पाठीला बांधायलाही तोच. इथल्या एका म्हाताऱ्या बहरीनी गिऱ्हाइकाला वाटायचं, हा त्यांचा डोक्यावरचा रुमाल चुकून गळ्यात घालतो. तो रोज येऊन स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर नीट बांधून द्यायचा. रिथी बांधून घ्यायचा. तो गेला की सोडायचा. रोज.

पहिल्या दिवशी मोरेकाकांनी त्याला बघितलं आणि मला मराठीत म्हणाले, "हा अमेरिकन? अमेरिकन एवढा बुटका असतो?" काका, आठवतंय ना? मी आगाऊपणा करून ते भाषांतर करून सांगितलं. रिथी म्हणाला, "लहानपणी भात कमी पडला, काका." सगळे हसलो. काकाही हसले. पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं, की त्याने विनोद केला नव्हता.

मोरेकाका पहिल्या रांगेत बसलेत. ते आमचे फोरमन, खेडचे. त्यांच्याबद्दल मी आज जरा वेगळं बोलणार आहे, म्हणून आधीच सांगतो, रिथीला अग्नी काकांनी दिला. सख्ख्या भावाला देतात तसा. डोक्यावरून आंघोळ केली, त्या दिवशी जेवले नाहीत. आणि अस्थी सलीमचाचांच्या ऑफिसात आहेत, कपाटावरच्या फळीवर. श्रीवर्धनचा नमाजी माणूस, पण त्या फळीखाली कोणाला चहाचा कप ठेवू देत नाही. बहीण म्हणाली, कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा. तोवर चाचा सांभाळतायत. या दोघांनी जे केलं ते मला जमलं नसतं. हे आधी नोंदवतो, मग पुढचं.

पुढचं म्हणजे माझ्या बाबांचं.

हां, विषय सोडतोय असं वाटेल. सोडत नाहीये.

परवाच्या वर्षी माझे बाबा गेले. दादाचा फोन आला, बाबांना ताप आहे. दोन दिवसांनी, दवाखान्यात नेलंय, काळजी करू नकोस. मग, सलाइन लावलंय, सुधारतायत. मी इथून गोळ्यांची नावं विचारतोय. डॉक्टरशी बोलायचं म्हणतोय. दादा म्हणतो, डॉक्टर राउंडला गेलेत. आणि तिकडे घरात बारावं झालं, तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले. मग दादाने सांगितलं. म्हणाला, "तू तिथे एकटा असतोस, म्हणून."

आता तुम्ही माना हलवताय. प्रत्येकाला आपापला एक फोन आठवला असणार. ही आपली गल्फवाल्यांची रीतच आहे. आधी ताप. मग दवाखाना. मग सिरियस. मग, जमलं तर ये. सिरियस म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी आपण विमानात बसून नवस बोलतो. आणि उलटही तसंच. इथे कोणी गेला की घरी काय कळवतो आपण? जरा लागलंय. ॲडमिट केलंय. मायेनेच करतो. बाईमाणूस घरी एकटी असते, पोरं लहान असतात. समोरच्याला एकदम धक्का नको. मीसुद्धा एकाच्या घरी असा फोन केलाय, मस्कतला असताना.

तर मी हे रिथीला सांगितलं. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवेल. तो चिडला. त्याला चिडलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "तू कधी रडायचं, हे त्यांनी ठरवलं?" मी म्हटलं, अरे, त्यांनी माझ्या भल्यासाठीच. तो म्हणाला, "हो. भल्यासाठीच करतात." आणि पुन्हा पंप उघडायला लागला. मला कळेना, माझ्या बाबांवरून याला एवढा राग का.

ते कळलं भाद्रपदात.

पितृपक्षात मी आमच्या तुबलीच्या खोलीच्या गच्चीवर बाबांचं पान ठेवलं. भात केला, डाळ केली. वडे येत नाहीत मला, म्हणून उडप्याकडून मेदूवडा आणला. म्हटलं, बाबा चालवून घेतील. आणि कावळ्याची वाट बघत बसलो. घामाने नुसती आंघोळ. कावळे समोरच्या कचऱ्याच्या डब्यावर बसलेले, इकडे बघायला तयार नाहीत. तेवढ्यात रिथी कपडे वाळत घालायला वर आला. विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, बाबांसाठी. त्याने कपड्यांची बादली ठेवली आणि माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "आमच्याकडेही हेच दिवस."

मंडळी, मला माहीत नव्हतं. तुमच्यातल्या कितीजणांना माहीत आहे? त्यांच्याकडेही भाद्रपदातला हाच काळा पंधरवडा. उजाडायच्या आत देवळात जायचं. तीळ घालून भाताचे गोळे वळायचे आणि एकेकाचं नाव घेऊन अंगणात टाकायचे. ते लोक मानतात, की या दिवसांत भुकेले आत्मे सुटून येतात आणि सात देवळं हिंडतात. आपल्या माणसाने आपल्या नावाने घास टाकलाय का, बघतात. सातही ठिकाणी मिळाला नाही, तर रडत परत जातात.

रिथी म्हणाला, "कॅलिफोर्नियात सात देवळं आणायची कुठून? आमचं देऊळ म्हणजे जुनी कचेरीची इमारत आणि अंगण म्हणजे पार्किंग." मग आई म्हणे त्याला गाडी काढायला लावायची. याला नुकतं लायसन्स मिळालेलं. आई मागच्या सीटवर, मांडीवर भाताचं पातेलं, आणि हा एका गावातून दुसऱ्या गावात. आई प्रत्येक देवळात तीच नावं घ्यायची. तिची आई. तिचे वडील. दोन भाऊ. रिथीच्या आधीचा एक मुलगा, तो उपाशी गेला. एकेक नाव, एकेक गोळा. आणि शेवटी ती अजून एक गोळा वळायची. हातात धरायची. मग तो हळूच मोडून पातेल्यात परत टाकायची. दरवर्षी. प्रत्येक देवळात.

तो गोळा नवऱ्याचा. टाकला तर तो मेला. आणि तो मेला असं तिला कोणी सांगितलेलंच नाही.

रिथी पोटात होता तेव्हाची गोष्ट. त्यांच्याकडे तेव्हा अशी राजवट होती, जिने शहरं रिकामी करून सगळ्यांना शेतात कामाला जुंपलं होतं. घरात चूल नाही, सगळ्यांनी एका ठिकाणी जेवायचं, ज्याचा त्याचा चमचा ज्याच्या त्याच्या कमरेला. रिथीचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. एक दिवस दोन पोरं आली, माझ्याहून लहान. म्हणाली, वरून बोलावणं आलंय, कामाला पाठवतायत, थोड्या दिवसांत परत येईल. वडील उठले, जायला निघाले. रिथीच्या आईने विचारलं, चमचा घेतला का? त्यांनी कमरेचा दाखवला. ती म्हणाली, मग ठीक आहे. चमचा नेऊ देतायत म्हणजे जेवायला घालणार असतील.

बस. एवढंच. पुढे काही कळलं नाही. कोणी काही सांगितलं नाही. विचारायची सोय नव्हती. नंतर विचारायला माणसंच उरली नव्हती. आई तिची दोन लेकरं, एक पाठीला, एक हाताला घेऊन जंगलातून सीमेपर्यंत चालली, तेव्हाही वाटेत भेटेल त्याला विचारत गेली. अमेरिकेत गेली, तर तिथल्या देवळात नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला, तू कुठल्या गावचा, तिथे एक ट्रॅक्टरचा मिस्त्री होता. डोनट घ्यायला आलेल्यालासुद्धा. रिथी म्हणाला, "मी एकदा गाडीत म्हटलं, आई, बाबांचाही टाक ना आता. तर ती एकदम पुढे वाकली आणि म्हणाली, तुला कोणी काही सांगितलं का? मला आरशात तिचा चेहरा दिसला. तिला आनंद झाला होता, निल्या. वाईट का असेना, पण बातमी आली असं वाटून तिला आनंद झाला होता."

त्या दिवशी गच्चीवर त्याने मला म्हटलेलं वाक्य मी जसंच्या तसं सांगतो, कारण त्यासाठीच मी उभा आहे. तो म्हणाला, "माझ्या आईला दुःख झेपतं. तिला फक्त सांगत नाहीत."

मग कावळा आला का, असं कोणी विचारेल. आला. मेदूवडा घेऊन गेला.

आता दोन आठवड्यांपूर्वीचं. वर्कशॉपमध्ये चहा आला होता. रिथीने कप उचलला, ठेवला, म्हणाला जरा बसतो, आणि बसला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. हॉस्पिटलपर्यंत गाडी मीच चालवली. मीना सलमानच्या सिग्नलला अडकलो होतो, तो सिग्नल मी अजून टाळतो, लांबून जातो.

सलीमचाचांनी सोफीला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, तुम्ही तिथेच करा सगळं, तुम्ही त्याचेच लोक आहात. आणि म्हणाली, आईला सांगू नका. ती नुकती हॉस्पिटलमधून घरी आलीये. गुडघे गेलेत, छाती नाजूक आहे, देवळातही जात नाही आता. मी सांगेन हळूहळू. सोफी चुकली असं मी म्हणत नाही. ती दुकान बघते, आईला बघते. तिची पोरगी जेना, ती कॉलेजात. व्हिडिओवर बघायचो आम्ही. आजी आपल्या भाषेत बोलणार, नात इंग्रजीत उत्तर देणार. ईसा टाउनच्या शाळेतल्या आपल्या पोरांसारखंच. रिथी हसायचा, म्हणायचा, "या दोघी एकमेकींना सगळं सांगतात आणि दोघींचा एक शब्द जुळत नाही."

तर हळूहळू सांगायचं ठरलं. पण आईचा फोन असायचा शुक्रवारी. आपली दुपार, तिची पहाट. दुकान बंद केलं तरी तळणीच्या वेळेला उठायची सवय गेली नाही तिची. उठली की लेकाला फोन. रिथी जेवता जेवता उचलायचा, आणि आम्ही सगळे मागून ओरडायचो, हॅलो मम्मी.

गेल्या शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो होतो. रिथीचा फोन चाचांनी चार्ज करून ठेवलेला. तो वाजला. कोणी हात लावेना. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. तेव्हा काकांनी उचलला. कोणी तरी उचलायलाच हवा होता, आणि आमच्यात ती हिंमत काकांचीच. काका म्हणाले, आणि हे मी नक्कल म्हणून सांगत नाहीये, "मम्मी, नो टेन्शन. कंपनी कॉल हिम. शिप वर्क. फ्यू डेज, कमिंग बॅक."

वरून बोलावणं आलंय. कामाला पाठवलंय. थोड्या दिवसांत परत येईल.

काकांना ठाऊक नव्हतं. कसं असणार? गच्चीवर मी एकटाच होतो. आपल्यातल्या कोणीही हेच सांगितलं असतं, मीही सांगितलं असतं. आपल्याला हेच येतं.

फोन स्पीकरवर होता.   पलीकडून तिने दुकानातल्या त्या तिच्या इंग्रजीत विचारलं, "ही टेक स्पून?"

काका म्हणाले, "येस येस मम्मी. स्पून, प्लेट, एव्हरीथिंग."

दोघंतिघं हसले. म्हातारी जेवणाची चौकशी करतेय, आई ती आईच, असं कोणीतरी म्हणालं. ती "ओके" म्हणाली आणि फोन ठेवला. मी हातातला घास ताटात ठेवला. मी उठून बाहेर गेलो. सगळ्यांना वाटलं, पोटात बिघडलं असेल.

मंडळी, आज शुक्रवार आहे. आज दुपारी फोन आला नाही. चाचांनी फोन समोर ठेवला होता, आम्ही सगळे त्याच्याकडे बघत जेवलो. काका म्हणाले, बरं झालं, सोफीने सांगितलं असेल. मी सोफीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, सांगितलेलं नाही, आई जेनाबरोबर तिच्या हॉस्टेलवर दोन दिवस राहायला गेलीये, बरी आहे.

काका, बसा. बसा ना, दोन मिनिटं. मला ठाऊक आहे काय म्हणणार आहात. काल टपरीवर म्हणालातच, "निल्या, भाषण कर, पण तो विषय काढू नकोस. ती त्यांची घरची गोष्ट. तू कोण?" बरोबर आहे. मी कोण? मी पिकअप चालवतो. पण ते वाक्य तिला त्यांच्या घरच्या कोणी सांगितलेलं नाही, काका. ते आपल्या खोलीतून गेलंय. आपल्या ताटांवरून गेलंय. सोफी जे लपवतेय ते तिचं. आपण जे सांगितलं ते आपलं.

आणि हळूहळू म्हणजे किती हळू? मला माझं आठवतं. बाबांचं तेरावं उलटलं तेव्हा मला कळलं. माझ्याबरोबर रडायला कोणी शिल्लक नव्हतं. सगळे रडून मोकळे झालेले, आईसुद्धा घरकामाला लागलेली. मी फोनवर रडतोय आणि दादा म्हणतोय, आता सावर. तेरा दिवस सगळं गाव माझ्या बाबांना रडलं, आणि मी गोळ्यांची नावं विचारत होतो. आज आपण इथे जमलोय. हार आहे, समई आहे, रिथीचं कौतुक चाललंय. आणि ज्या बाईचा तो मुलगा, ती तिकडे पहाटे उठून मोजतेय, जहाज परत यायला किती दिवस लागतात.

पुढचा भाद्रपद येईल. ती पातेलं घेऊन बसेल. दोन गोळे वळेल आणि दोन्ही मोडून परत टाकेल. हे आपल्याला चालणार आहे का?

मला फार बोलता येत नाही. मला एवढंच म्हणायचंय, की ही सभा संपल्यावर इथूनच, सगळ्यांसमोर, सोफीला फोन लावू. तिला म्हणू, आज सांग. तुला जमत नसेल तर आम्ही सांगतो. काकांनी सांगावं. काका, खरंच. तुमचा आवाज तिला माहीत आहे. खोटंही तुम्हीच सांगितलंत, तर तुमच्याच तोंडून ते मागे घेतलेलं तिला...

काय चाचा? नाही, चाललंय, संपतच आलंय. दोन मिनिटं हो.

चाचा दारातून हात करतायत. थांबा जरा. या, चाचा, इथेच या.

...

मंडळी.

बाहेर टॅक्सी आलीये. विमानतळावरून. त्यातून एक म्हातारी बाई उतरलीये आणि एक तरुण मुलगी. मुलगी म्हणजे जेना. तिच्या हातात फोन आहे, त्यावर आपल्या या सभेची नोटीस, चाचांनी सोफीला पाठवलेली, जेनाने आईच्या फोनमधून घेतलेली. सोफीला न सांगता निघाल्यात दोघी.

रिथीची आई आलीये.

चाचांनी तिला बाहेर व्हरांड्यात खुर्ची दिलीये, पाणी दिलंय. तिने पाणी घेतलं नाही. तिने एकच विचारलंय, माझा मुलगा कुठे आहे?  काय सांगायचं, ते विचारायला चाचा आत आलेत.

मागे कोण आहे तिथे फोटोपाशी? हार काढू नका. हो, तुम्हीच. राहू दे तो. समईही राहू दे, विझवू नका. ती इतक्या लांबून आपण सगळं झाकलेलं बघायला आलेली नाही.

काका उठलेत. काका, डोळे पुसू नका, तसेच चला. मी इंग्रजी सांभाळतो, जेना तिच्या आजीला सांगेल तिला येईल तसं. पण पहिला शब्द तुमचा. ताप नाही, दवाखाना नाही, सिरियस नाही. गेला, एवढंच म्हणा.

मी शेवटी तुम्हाला दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगणार होतो. ते आता सांगतो. आम्ही दोघं बाहेर जातोय. तिला घेऊन आत येईपर्यंत सगळ्यांनी उभं राहा, कितीही वेळ लागला तरी. आणि तिचा आवाज इथपर्यंत आला, तर कोणी दार लावू नका.